आवाज येतोय, बोलणं येत न्हाई

शेतीची वाटणी होते, घराची होते, आईच्या पाटल्यांचीही होते. टीव्हीच्या आवाजाची वाटणी मात्र अजून कुठल्याही तलाठ्याला जमलेली नाही. वाहिनी पसंत पडली नाही तर माणूस उठून आतल्या खोलीत जातो. आवाज त्याच्या मागोमाग आत येतो. म्हणून रिमोटवर बटणं कितीही असोत, घरातली खरी सत्ता असते ती अधिक-उण्याच्या त्या एका बटणात.

माझ्या सासुरवाडीला हा आकडा ६२ असतो. पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत सरकत तिथे येऊन थांबली की मामा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत पाठ टेकतात. मामींना १८ पुरतात. नात नववीत आहे, तिला शून्य हवं असतं. सगळ्यांचा मान राखून ४० वर ठेवलं तर मामांना काही कळत नाही, मामींचं डोकं उठतं आणि नातीचा बीजगणिताशी जो जेमतेम संबंध उरलाय तोही तुटतो. मध्यममार्गात तिघांचं सारखंच नुकसान होतं, एवढाच काय तो त्याचा गुण. मामी म्हणतात, "शेजारणीनं टीव्ही विकला तरी चालंल. तिला आमच्या भिंतीतनं सगळी मालिका कळतीया."

मामांनी आपली बाजू एकदाच मांडली, पण नेमकी मांडली. "पाव्हणं, आवाज येतोय वो. बोलणं येत न्हाई." पुढे कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून जे समजावलं, ते सगळं या दोन वाक्यांत आधीच येऊन गेलं होतं.

मामा इचलकरंजीचे, आणि त्यांची हयात गेली ती मागांत. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये या गावात पहिला यंत्रमाग बसवला. पुढे लोक गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणू लागले आणि गल्लोगल्ली, घराखाली, परसात, जागा मिळेल तिथे माग आले. मामा पोरवयात कांड्या भरायला लागले, मग मागावर उभे राहिले, मग जॉबर झाले. बिघडलेला माग दुरुस्त करायचा तो जॉबरनं. वीस माग एकदम चालू असताना नुसतं दारात उभं राहून ते सांगायचे, पलीकडच्या रांगेतल्या तिसऱ्याचा पट्टा ढिला झालाय. त्या आवाजावर त्यांचं पोट होतं आणि तोच आवाज त्यांचे कान खात होता. लाकडी धोटा एका पेटीतून सुटतो आणि समोरच्या पेटीवर आदळतो, मिनिटाला शंभरावर वेळा. असे वीस धोटे एका पत्र्याच्या छपराखाली. आठ तासांच्या पाळीत आवाज ९० डेसिबलच्या वर जाऊ नये असं कारखान्यांचे नियम सांगतात. पण जुन्या मागांच्या शेडमध्ये कुणी तो नियम वाचून दाखवला असता, तरी ऐकू कुणाला जाणार होता?

आत कुणी बोलतच नाही. धागा तुटला, कांडी संपली, मालक आला, चहा आला, सगळ्याला हाताच्या खुणा ठरलेल्या. उरलेलं समोरच्याच्या ओठांवर वाचायचं. पाळी सुटल्यावरही माणसं बराच वेळ एकमेकांशी ओरडूनच बोलतात, त्यामुळे परगावच्या पाहुण्याला वाटतं, या गावात भांडणं फार. रात्री वीज गेली की माग थांबतात आणि पाळण्यातली पोरं दचकून जागी होतात.

कानाच्या आतल्या शंखाकृती नळीत सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी, खर्जातल्या पार आतल्या वळणावर. गोंगाटानं आणि वयानं आधी मोडतात त्या बहुधा तोंडाशी असलेल्या, आणि माणसाच्या कानात त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. आता आपल्या बोलण्यातला जोर असतो स्वरांत, आणि स्वर खालच्या पट्टीतले. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर टांगलेला. त्यातही स, श, च, थ ही मंडळी उंच पट्टीतली आणि आवाजानं बारीक. म्हणजे मामांच्या कानाशी वाक्य पोचतं तेव्हा आ, ऊ, ए सगळे हजर असतात आणि त्यांना अर्थ देणारे निम्मे गैरहजर. गाळलेल्या जागा मेंदू पदरचं घालून भरतो. एकदा सुताचे भाव वधारल्याची बातमी लागली. मामा ताठ बसले. "भुताचं भाव? भुताला कवापासनं भाव आला?" संध्याकाळच्या मालिकांची नावं बघता हे अगदीच चूक म्हणता येत नव्हतं.

कोल्हापूरला तपासणी झाली. काचेच्या बंद खोलीत बसवून कानात एकेक सूर सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. आलेखावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. मामांच्या दोन्ही रेघा डावीकडून बऱ्यापैकी सपाट येतात आणि ४००० हर्ट्झपाशी धाडकन खाली जातात. गोंगाटात आयुष्य काढलेल्या कानाची ती ठरलेली खूण. मामांनी चष्मा लावून कागद न्याहाळला, बोट नेमकं त्या खड्ड्यावर ठेवलं आणि जॉबरच्या थाटात निदान केलं, "हितं पट्टा तुटलाय."

अशा कानाला नुसता आवाज वाढवून देणं म्हणजे नंबर बदललेल्या माणसाला चष्म्याऐवजी मोठा दिवा आणून देणं. स्वर आधीही येतच होते, ते आता अंगावर येतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली आणखी दबतात. शिवाय झिजलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सोसत नाही. मधली पट्टी फार अरुंद झालेली असते. "जरा मोठ्यानं बोल की" आणि "वरडतीस कशाला!" ही दोन वाक्यं मामा एका दमात म्हणतात. मामी वर्षानुवर्षं याला स्वभाव म्हणत आल्या. हा कानाचा गुण आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या जरा खट्टू झाल्या. हातची एक तक्रार गेली ना.

मामा काही एकटे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात जगातल्या दीडशे कोटी माणसांना कमी-अधिक कमी ऐकू येतं असं म्हटलंय. म्हणजे मामींच्या शेजारणीसारख्या, फुकट मालिका ऐकणाऱ्या शेजारणीही जगात काही कोटी असणार.

तर मामांना कानाचं मशीन आलं. त्याच्या बॅटऱ्या नखाएवढ्या, पाठीवर नारिंगी चिकटपट्टी. पट्टी काढली की बारीक भोकांतून हवा आत शिरते आणि आतलं जस्त कामाला लागतं, म्हणून मिनिटभर थांबून मग बॅटरी बसवायची. मामांना हा भाग फार पटला. "हवेवर चालतंय? मग असला एक माग काढा म्हणावं." वीजबिलानं गांजलेल्या मागवाल्याकडून याहून मोठी दाद कुठल्या यंत्राला मिळायची नाही. मशीननं समोर बसलेल्या माणसाचं बोलणं पुष्कळच सुधारलं. पण त्याची हद्द दीड-दोन मीटरची. त्यापलीकडचं बोलणं पंखा, कुकर, ताटावरचा चमचा आणि गल्लीतला भाजीवाला यांच्यासोबत एकत्रच कानात शिरतं. टीव्ही तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा टीव्हीचा बंदोबस्त वेगळा करावा लागणार हे उघड होतं, आणि घरात पुण्याचा जावई उपलब्ध होता. जावयाला पाटावर बसवायचे दिवस गेले. आता त्याला बॅटरी हातात देऊन टीव्हीच्या मागे बसवतात आणि चहा तिथेच नेऊन देतात.

टीव्हीच्या मागे बसलं की पहिली गोष्ट कळते ती अशी, की हल्लीचा टीव्ही आपल्याशी बोलतच नाही. जुना टीव्ही लाकडी पेटीत असायचा, सरकत्या दाराचा. त्याचा स्पीकर पडद्याच्या शेजारी, तोंड आपल्याकडे. टीव्ही चपटा होत गेला तशी कडेची जागा संपली आणि स्पीकर खालच्या अंगाला किंवा पाठीमागे गेले. आता निवेदिकेचं तोंड आपल्याकडे आणि आवाज भिंतीकडे. तो भिंतीवर आपटून, फरशीवर घसरून, काचेच्या शोकेसला वळसा घालून मग मामांपर्यंत येतो. गुळगुळीत फरशी, गिलाव्याच्या भिंती, काच, या सगळ्यांवरून आवाज परततो, आणि एका अक्षराचा मागे राहिलेला आवाज पुढच्या अक्षरावर पडतो. चांगल्या कानाला हे जाणवत नाही. मामांच्या कानाला तेवढंही निमित्त पुरतं.

यावर सगळ्यात स्वस्त औषध कापड. भिंतीवर गोधडी टांगण्याची सूचना मामींनी एका वाक्यात निकालात काढली: "रुखवत मांडायचंय व्हय?" मग खिडक्यांना जाड पडदे आले आणि खाली सतरंजी आली. मामा खूश. आवाजाच्या भानगडीत शेवटी कापडच उपयोगी पडलं, हे त्यांनी आल्यागेल्याला सांगितलं.

दुसरं औषध फुकट, पण मेनूच्या सातव्या पाताळात असतं. मोठ्या चित्रपटांचा आवाज सहा वाटांचा बांधलेला असतो आणि बोलण्याची बहुतेक वाट मधली. टीव्ही त्या सहा वाटा दोन बारक्या स्पीकरांत कोंबतो, तेव्हा नायकाचं कुजबुजणं वाद्यवृंदाच्या पायाखाली जातं. मराठी मालिकांत तर प्रत्येक संवादानंतर तीन माणसांचे चेहरे तीन दणक्यांसह दाखवायची रीतच आहे. ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'डायलॉग' किंवा 'क्लिअर व्हॉइस' अशा नावाचं काहीतरी असतं. ते खर्ज आवरतं आणि बोलण्याची पट्टी वर काढतं. 'नाइट मोड' दणके बोथट करतो. 'सिनेमा' नावाचं सेटिंग मात्र कमी ऐकू येणाऱ्याच्या घरात ठेवू नये. आणि एक घोळ घरोघर आढळतो. सेट टॉप बॉक्सचा आवाज वेगळा आणि टीव्हीचा वेगळा, रिमोटही दोन. बॉक्स निम्म्यावर ठेवून टीव्ही टिपेला नेला की शब्द कमी आणि खरखर जास्त. बॉक्स पूर्ण ठेवावा, टीव्हीनं कमी-जास्त करावं.

एवढं करून ६२ चे ५० झाले. मामी म्हणाल्या, फरक आहे. शेजारीण आता कान भिंतीला लावते.

मग हेडफोन. पहिला ब्लूटूथचा, नातीनं सुचवलेला. आवाज काचेसारखा स्वच्छ, आणि तरी मामा दोन मिनिटांत वैतागले. "ह्यो आधी तोंड हलवतोय आणि मग बोलतोय." साध्या ब्लूटूथला आवाजाची गाठोडी बांधायला, पाठवायला आणि सोडायला वेळ लागतो, सेकंदाचा पाचवा भाग वगैरे. इतरांना तो भागवून घेता येतो, कारण आवाज दृश्यामागून येण्याची आपल्याला सवय आहे. निसर्गात तसंच असतं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात चाळीसेक मीटरवर बसलं की पैलवानाचा शड्डू आधी दिसतो आणि सेकंदाच्या आठव्या भागानं ऐकू येतो. कुणी तक्रार करत नाही. प्रसारणाच्या जागतिक मापांतही हेच धरलंय. आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडेपर्यंत प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, पुढे गेला तर मात्र ४५ मिलिसेकंदांतच खटकतो. पण मामा निम्मं ओठांवर वाचतात. शेडमधली ती विद्या त्यांना आजही उपयोगी पडते. ओठ आणि कान यांची साक्ष जुळली नाही की त्यांचा खटलाच उभा राहत नाही. हिंदीतून मराठीत आणलेल्या जाहिराती त्यांना कधीच कळत नाहीत त्या याचमुळे. करोनाच्या दिवसांत सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधले तेव्हा अख्खं गावच त्यांच्याशी बोलायचं बंद झालं होतं.

तारेचा हेडफोन लावला तर उशीर नाही, पण टीव्हीत पिन घालताच टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद. काही टीव्हींत दोन्ही चालू ठेवायची सोय असते, आमच्यात नव्हती. मामांना सगळं ऐकू येतंय आणि बाकीचं घर बहिरं. "बराबर झालं," मामा म्हणाले. "आता तुमी विचारा, काय म्हणला, काय म्हणला."

त्यानंतर रेडिओलहरींवर चालणारा, चार्जिंगच्या खुंटीवर टांगायचा हेडफोन आला. याला उशीर नगण्य. टीव्हीच्या मागच्या, लाल उजेड येणाऱ्या चौकोनी भोकात त्याची तार घालायची असते. ती घातली आणि शुकशुकाट. टीव्ही आतून डॉल्बीची भाषा पाठवत होता आणि हेडफोनच्या बिचाऱ्या खुंटीला साधं 'पीसीएम' तेवढं समजत होतं. ध्वनीच्या मेनूत तसा बदल केला की लगेच वाचा फुटते, पण हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं. दुकानदारही "चालतंय की" यापुढे जात नाही. आणखी एक भानगड. कानामागच्या मशीनवर हेडफोन बसवला की मशीनचाच आवाज त्याच्याच कानात परत जाऊन ते शिट्टी मारतं. म्हणून मशीन काढायचं आणि हेडफोन लावायचा.

आता टीव्ही उत्तम ऐकू येऊ लागला. घर शांत झालं. नातीनं बीजगणिताला पुन्हा जवळ केलं. आणि मामी बेचैन झाल्या. कारण हेडफोन लावलेल्या मामांना जगातलं टीव्ही सोडून काहीही ऐकू येईना. चहा समोर निवून जायचा. दारातला पाहुणा उभ्याउभ्या परत जायचा. मधेच मामा एकटे खोखो हसायचे आणि स्वतःचा आवाज कानात न आल्यानं बासष्टच्या पट्टीत विचारायचे, "बघितलंस का?" मामी स्वयंपाकघरात असायच्या, त्यांनी काहीच बघितलेलं नसायचं. एका संध्याकाळी त्या मला फोनवर म्हणाल्या, "त्ये काढा बघा. टीव्ही मोठा हुता तवा निदान भांडता तरी येत हुतं."

हे त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं. बहिरेपणाचा खरा जाच आवाज न येण्यात फारसा नसतो. सगळे हसले, आपण विचारलं "काय झालं?", आणि कुणीतरी म्हणालं "काही नाही", त्यात तो असतो. तो 'काही नाही' फार जिव्हारी लागतो. हेडफोननं मामांचा 'काही नाही' घालवला आणि तो मामींच्या पदरात टाकला.

मामांच्या आवडीनिवडीकडे मी तोवर नीट पाहिलं नव्हतं. त्यांना क्रिकेट आवडतं, कुस्ती आवडते आणि बातम्यांच्या वाहिन्या आवडतात. सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी भांडतात तिथे चांगल्या कानाच्याला काही कळत नाही, मग मामांना काय कळतं? मामा खालची पट्टी वाचतात. बातम्यांच्या वाहिन्या जे ओरडतात तेच मराठीत खाली लिहितात. क्रिकेटचा धावफलकही लिहिलेला. मालिका आणि चित्रपट मात्र लिहीत नाहीत. आणि फोनवरच्या मंचांवर अक्षरं असली तरी ती बहुधा इंग्रजीत. खरं तर ही सोय आपल्याकडे नवी नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांना १९९६ मध्ये सुचलं की ज्या भाषेतलं गाणं त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर दाखवले तर लोकांचं वाचन सुधारेल. १९९९ मध्ये गुजरातेत दूरदर्शनच्या गाण्यांच्या कार्यक्रमावर ते करून पाहिलं गेलं. हेतू साक्षरतेचा, पण साक्षर असून ऐकू न येणाऱ्या मामांसारख्यांचं त्यात आपोआप भलं होतं. सरकारनंही २०१९ मध्ये वाहिन्यांसाठी अशा सोयींची मानकं काढली. मामा वर्तमानपत्र मथळ्यापासून निविदांपर्यंत वाचतात. मराठी संवाद मराठीत खाली आले तर ते कधी सेट टॉप बॉक्स बदलायचं नाव काढणार नाहीत, हे वाहिन्यांना कुणीतरी कळवायला हवं.

युरोपात बऱ्याच सभागृहांत आणि तिकीटखिडक्यांशी फरशीखाली तारेचं वेटोळं टाकतात आणि कानातलं मशीन त्या तारेतला आवाज थेट उचलतं. आता ब्लूटूथवाल्यांनी ऑराकास्ट आणलंय, त्यात एकाच ठिकाणाहून हव्या तितक्या कानांत आवाज सोडता येतो. आपल्या नाट्यगृहांत यातलं काही आलं तर मामांना मी पहिल्या रांगेतलं नाही, शेवटच्या रांगेतलं तिकीट काढून देईन. पण इचलकरंजीच्या बैठकीच्या खोलीत आजच चालेल असं काय?

याचं उत्तर मला टीव्हीच्या रिमोटच्या इतिहासात सापडलं. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचे प्रमुख मॅकडोनल्ड यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. जाहिरात लागली की बसल्या जागी तिचं तोंड बंद करता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यातून १९५५ मध्ये उजेडाच्या झोतावर चालणारा रिमोट निघाला आणि १९५६ मध्ये आवाजावर चालणारा. या दुसऱ्याला बॅटरी नव्हती. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर पडायची आणि माणसाच्या कानापलीकडचा सूर निघायचा. तो टीव्हीला ऐकू जायचा. आणि हीच झेनिथ कंपनी १९४३ पासून कानाची मशीनं विकत होती. एकाच घरानं माणसांना ऐकू येण्याची सोय केली आणि नको ते न ऐकण्याचीही. मला यात विसंगती दिसत नाही. चांगल्या कानाच्या माणसाला दोन्ही सोयी फुकट असतात; नको तिथे तो लक्ष काढून घेतो. मामांच्या बाबतीत मात्र कानात काय जावं, किती जावं, कधी जावं, हे मुलगी, जावई, डॉक्टर आणि रिमोट हातात असेल तो कुणीही ठरवत होता.

म्हणून शेवटची मांडणी अशी केली. मामांच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर, कानापासून हातभर अंतरावर, एक छोटा स्पीकर. सेट टॉप बॉक्सच्या मागे लाल-पांढरी भोकं असतात, तिथून निघालेली तार सतरंजीखालून थेट त्याच्यापर्यंत. तार असल्यामुळे उशीर नाही. बॉक्समधूनच घेतल्यामुळे टीव्ही गप्प होत नाही. मशीन कानातच राहतं आणि स्पीकर त्याच्या हद्दीत येतो. हिशेब सरळ आहे. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर निम्मं केलं की कानाशी सहा डेसिबल वाढतात. चार मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणलं की अठरा. खोलीत भिंतींमुळे थोडं कमी भरतं, पण भिंतींनी घोळलेला आवाज मागे पडतो आणि सरळ आलेला पुढे होतो, ही कमाई वेगळीच. टीव्ही १८ वर आला, मामींच्या आकड्यावर.

आणि स्पीकरला फिरवायचं बटण. मुद्दाम तसलंच शोधलं. गोल, खाचांचं, बोटांत धरता येईल असं, अधिक-उण्याच्या रबरी टिकल्या नकोत. मामांनी ते पहिल्यांदा फिरवलं तेव्हा नुसतं डावी-उजवीकडे हलवून बघितलं, अंगठ्यानं त्याचा ताण अजमावला, जरासं मागेपुढे करून एका जागी ठेवलं. हयातभर नटबोल्ट आवळलेल्या हाताला ते कळलं. नंतर तिवई हलवायला कुणी गेलं तर ते हात आडवा घालतात.

पहिल्या रात्री मामा मालिका शब्दन्‌शब्द ऐकत बसले. मामी बाजूला, आम्ही मागे. जाहिरात लागली तसं त्यांनी बटण खाली केलं आणि माझ्याकडे वळले.

"पाव्हणं, एवढ्यासाठी एवढा कुटाणा केलासा व्हय?"

"का? ऐकू येत नाही?"

"समदं येतंय. ह्यो पोरगा तसलं काय बोलतच न्हाई की. मी आपला समजत हुतो, लई शाणा हाय."

मग उलगडा झाला. इतकी वर्षं संवादांच्या गाळलेल्या जागा मामांनी स्वतःच्या मनानं भरल्या होत्या, आणि त्यांचं लेखन वाहिनीच्या लेखकापेक्षा सरस होतं. त्यांच्या मालिकेत मुलगा बापाच्या कारखान्याचं कर्ज फेडत होता. प्रत्यक्षात तो बेडरूममध्ये उभा राहून बायकोला एकच वाक्य तीनदा सांगत होता.

तेव्हापासून मामांनी पद्धत बसवलीय. बातम्या, कुस्ती, पावसाचा अंदाज असला की बटण वर. मालिका सुरू झाली की बटण पार खाली, आणि आपली मालिका आपण बघायची. त्या वेळी त्यांना काही विचारलं तर उत्तर येत नाही. पण हे न ऐकणं त्यांचं स्वतःचं आहे. जाहिराती लागल्या की मामी हळूच विचारतात, "अवो, तुमच्यात काय झालं?" आणि मामा सांगतात. मामींच्या मालिकेतली सासू अजून दुधात काहीतरी कालवतेय. मामांच्या मालिकेतली कधीच सुधारून पंढरपूरला गेली.